कापूस भरलेलं घर आणि त्यातले उंदीर: राळेगाव तालुक्यातलं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं हे घर. गावाचं नाव देत नाही, घराचंही नाही. कोरडवाहू शेती, कपाशी, सोयाबीन, तूर, आणि विहिरीवर थोडा गहू-हरभरा. घरात आजी, घरधनी भाऊ, वहिनी, शाळेत जाणारी मुलगी आणि नुकतं चालायला लागलेलं दीड वर्षाचं पोरगं. पुढे सपरी, मग माजघर, बाजूला रांधणी. या तिन्हींच्या भिंती मातीच्या आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. घरकुलाच्या पैशातून बांधलेली स्लॅबची एक खोली, तीत कापूस भरलेला, तिच्या दाराखाली दोन बोटं फट. मागे टिनाचा कोठा, त्यात बैलजोडी आणि एक गाय. कोठ्याच्या भिंतीला टेकून गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा ढीग, चुलीसाठी ठेवलेला.

धान्य साठवणुकीच्या कामानिमित्त मी त्या भागात फिरत असतो. डिसेंबरच्या शेवटी वहिनींनी बोलावलं. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "उंदरानं त पार इट आणला भाऊ. पोत्याले भोकं, पोरीच्या दप्तराले भोकं. परवा त मोटरचं वायर खाल्लं." उपाय सगळे करून झाले होते. मांजर पाळली, ती दूधभातावर सुस्तावली. पिंजरा आणला, आजी पकडलेला उंदीर मारू देत नव्हत्या, "गणपतीचं वाहन हाय ते," म्हणून मारुतीच्या देवळामागे सोडून यायच्या. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यातले किती उंदीर आजींच्या आधी घरी पोचले असतील, मारुतीलाच ठाऊक. गेल्या वर्षी एका दुकानातून काळी पूड आणून पिठात मळून ठेवली, दोन रात्री उंदीर मेले, तिसऱ्या रात्रीपासून कुणी तोंड लावेना. आणि यंदा आठवडी बाजारातून ट्यूबमधलं मलम.

ते मलम ऐकल्याबरोबर मी बाकी पाहणी थांबवली.

भाकरीच्या पाच तुकड्यांना मलम लावून ते माजघरात कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवले होते. त्याच माजघरात पोरगं दिवसभर भिंत धरून चालायचं आणि दिसेल ते तोंडात घालायचं. अशा मलमात बहुधा पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेला की पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस ठणठणीत वाटतो, घरचे निश्चिंत होतात, आणि त्यानंतर यकृत बंद पडायला लागतं. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरी मीठपाणी पाजून उलट्या करवत बसू नये. ट्यूबचं खोकं हातात घेऊन थेट मोठा दवाखाना गाठावा. लेकरू खेळतंय, हसतंय, म्हणून थांबणं हाच यातला खरा धोका.

हातात प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आम्ही तुकडे गोळा केले. चार सापडले, पाचवा सापडेना. वहिनींचा चेहरा उतरला. भाऊंनी गव्हाची पोती एकेक करून सरकवली, तेव्हा भिंतीच्या कडेला तो तुकडा मिळाला. ओढत नेलेला, मलमाची बाजू जशीच्या तशी, आणि कोरडी कड मात्र बारीक दातांनी नीट कुरतडलेली. उंदरानं भाकर खाल्ली होती, विष ठेवलं होतं. सगळे तुकडे वाडीच्या टोकाला खोल पुरले.

नक्की कोण आहे?

घरात सगळे 'उंदीर' एवढंच म्हणत होते. पण दप्तर कुरतडणारा, आढ्यावरून धावणारा आणि कोठ्याची जमीन उकरणारा एकच असेल असं मला वाटेना. संध्याकाळी चुलीची राख चाळून रांधणीच्या उंबऱ्यावर, कापसाच्या खोलीच्या दाराशी, माजघरातल्या खांबाच्या बुडाशी आणि कोठ्याच्या भिंतीकडेला पातळ पसरली. कोठ्यात दिसलेली आठ बिळं चिखलानं लिंपून टाकली. सकाळी उजेड तिरपा असताना राख पाहिली.

रांधणीच्या उंबऱ्यावर आणि कापसाच्या दाराशी इवलीशी पावलं, आणि लेंड्या ४-५ मिलिमीटरच्या, टोकदार. हा घरातला लहान उंदीर, वजन १५ ते २० ग्रॅम. खांबाजवळ मोठी पावलं, मधून शेपटीची ओढ, लेंड्या सेंटिमीटरभर लांब. वर पाहिलं तर तुळईच्या कडेला काळपट तेलकट पट्टा. तोच तो रस्ता रोज अंग घासून वापरला की असा पट्टा पडतो. हा छपरावरचा उंदीर, अंगापेक्षा शेपूट लांब, चढण्यात पटाईत. कोठ्यात लिंपलेल्या आठांपैकी तीन बिळं सकाळी उघडी होती, तोंडाशी ताजी भुसभुशीत माती. ही घूस. बाकीची पाच जुनी, रिकामी. गेल्या वर्षी त्या रिकाम्या बिळांतही विषाच्या पुड्या टाकल्या होत्या.

शिवाय न्हाणीजवळ एक चिचुंद्री निघाली. लांब सोंडेसारखं तोंड, उग्र वास, भिंतीकडेनं चिकचिक करत पळणारी. ती उंदीर नव्हे, दाण्याला तोंड लावत नाही. झुरळं, किडे खाते. आजींना तिच्या वासाचा फार राग. मी तिला राहू द्यायला सांगितलं.

म्हणजे त्या घरात तीन जाती होत्या, आणि तिघांचं खाणं, राहणं, येण्याजाण्याची वाट वेगवेगळी. आधीचे उपाय फसले ते याच कारणानं: लहान उंदराचा पिंजरा घुशीसाठी लावलेला, घुशीचं विष माजघरात, आणि छपरावरच्यासाठी काहीच नाही.

कापसाची खोली

स्लॅबच्या खोलीत पंचवीस-तीस क्विंटल कापूस, तीन भिंतींना टेकवून छातीपर्यंत रचलेला. विदर्भात हे काही नवं नाही. भाव वाढेल म्हणून निम्म्या घरांत कापूस पडून असतो, माणसं खाजवत खाजवत त्याच्याच शेजारी झोपतात. भाऊंचं म्हणणं स्पष्ट होतं: "भाव वर गेल्याबिगर काढत नाही म्या."

मी ढिगाच्या भिंतीकडच्या बाजूला हात घालून कापूस बाजूला केला. आत मनगट जाईल एवढं भुयार. त्याच्या तळाशी सरकीची फोलपटं, मूठमूठभर, आतला गर काढून टाकलेली. रुईचे लोळे करून केलेली घरटी. उंदराला याहून काय हवं? बिछाना कापसाचा, जेवण सरकीचं, थंडीत ऊब, आणि ढिगाला कुणी हात लावत नाही. लहान उंदराला पाणीही फारसं लागत नाही, दाण्यातल्या ओलीवर त्याचं भागतं. मादी वीस दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड महिन्यात स्वतः वीण सुरू करतात. नोव्हेंबरात पहिल्या वेच्याबरोबर एक जोडी आत शिरली असेल, तरी संक्रांतीपर्यंत काय होतं त्याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. वर मुतानं पिवळा पडलेला आणि लेंड्यांचा कचरा झालेला कापूस खरेदीच्या वेळी ग्रेडर खालच्या प्रतीत ढकलतो ते वेगळंच.

रांधणीत दिसणारे उंदीर इथून येत होते. रांधणीत लावलेल्या पिंजऱ्यात रोज एखादा सापडायचा आणि वहिनींना वाटायचं, कमी होतायत. कमी होत होते ते ढिगातून ओसंडलेले.

माझं सगळ्यात मोठं सांगणं त्यांना हेच होतं, आणि ते भाऊंना आधी उलटं वाटलं: कापूस आत्ता हलवू नका. ज्या दिवशी कापूस गाडीत भरला जाईल, त्या रात्री ढिगातलं सगळं खटलं बेघर होऊन समोरच्या पहिल्या फटीतून रांधणीत शिरेल. गावात दर वर्षी हेच होतं. कापूस विकला की आठवडाभरानं बायका म्हणतात, यंदा उंदीर फार झाले. म्हणून आधी घर बंद करायचं, मग कापूस काढायचा.

घर बंद करणं

यात कौशल्य कमी आणि चिकाटी जास्त, त्यामुळे फार लिहीत नाही. लहान उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून जातो. शिसपेन्सिल आत गेली की उंदीर गेला असं धरायचं. मुलीला पेन्सिल देऊन बसकण मारत भिंतीकडेनं फिरवलं. तिनं रांधणीत आणि माजघरात जेवढी भोकं काढली तेवढी आम्हा मोठ्यांना दिसलीच नव्हती. सिलिंडरच्या नळीचं भोक, चुलीमागची भेग, न्हाणीच्या मोरीचं तोंड. नुसता चिखल किंवा नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरतो. त्याआधी भांडी घासायची तारेची घासणी पिळून भोकात कोंबायची आणि वरून सिमेंट लावायचं. तारेत दात अडकतात. मोरीला पाव इंची लोखंडी जाळी. दोन्ही दारांना खालून टिनाची पट्टी.

गहू पोत्यातून पत्र्याच्या कोठीत गेला. तुरीला कोठी पुरली नाही, तिची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. पोती भिंतीला टेकली की मागची बाजू उंदराची होते. रात्रीची भाकर दुरडीत उघडी ठेवायची सवय होती, ती डब्यात जाऊ लागली. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी फिनाइलचं पाणी शिंपडून भिजवायच्या, तोंडाला फडकं बांधायचं, मग पुसायच्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला चीर असताना कोठ्याच्या चिखलात अनवाणी फिरणाऱ्याला त्याची भीती जास्त.

कापूस निघाला तो दिवस

संक्रांतीनंतर भाव थोडा हलला आणि भाऊंनी जवळजवळ सगळा कापूस काढायचं ठरवलं. मेटॅडोर सकाळी लागली. मजुरांना आम्ही दारापासून सुरुवात करून मागच्या भिंतीकडे सरकायला सांगितलं आणि शेवटचे दोन-तीन क्विंटल मधोमध एका ढिगात राहू दिले. भिंतींना आता काही टेकलेलं नव्हतं. दाराच्या फटीला फळी ठोकली. त्या उरलेल्या ढिगाभोवती, भिंतीकडेनं, चाप लावले. गावात मिळतील तेवढे गोळा केले होते, उसनेसुद्धा. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, कारण उंदीर भिंत धरून पळतो. आमिष शेंगदाणा आणि गूळ कुटून केलेली गोळी, हरभऱ्याएवढी. मोठी गोळी लावली तर तो कडेकडेनं खाऊन निघून जातो. लहान उंदीर नव्या वस्तूला भीत नाही, उलट बघायला येतो. त्यामुळे पहिलीच रात्र महत्त्वाची.

दार बंद केल्यावर आम्ही सपरीत चहा घेत बसलो तर आतून खट, थोड्या वेळानं पुन्हा खट. पोरगी मोजत होती. दोन रात्रींत चाळीसच्या आसपास निघाले. तिसऱ्या दिवशी ढीग उपसला तेव्हा तळाशी डोळे न उघडलेल्या पिल्लांची घरटी होती. आजी त्या वेळी मुद्दाम शेजारी जाऊन बसल्या.

त्या आठवड्यात रांधणीतल्या राखेवर एकदाही पावलं उमटली नाहीत.

कोठा आणि ढीग

घुशीला कोठ्यात काय मिळत होतं? सरकीच्या ढेपेचं पोतं जमिनीवर उघडं, गव्हाणीत रात्रभर पडलेलं कुटार, त्यात सोयाबीनचे दाणे, आणि टाक्यात पाणी. घर करायला पऱ्हाट्यांचा ढीग. ढेप झाकणाच्या ड्रममध्ये गेली. ढीग हलवायला मात्र भाऊ तयार नव्हते, कारण आदल्या पावसाळ्यात त्यात साप दिसला होता. वर्णनावरून ती धामण असावी. धामण बिनविषारी आणि उंदीर खाणारी. पण उंदरामागे धामणच येते असं नाही, नाग येतो, घोणस येते, मण्यारही येते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा फारसा दुखत नाही, म्हणून तो कळतच नाही. आजी माजघरात जमिनीवर झोपायच्या. त्यांना खाट आणि खोचलेली मच्छरदाणी हा उंदरांच्या कामातलाच भाग मी धरला.

ढीग हलवायचं दुसरं कारण तापाचं. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली, माणसं दगावली. उंदरांच्या अंगावर आणि गवत-झुडपात राहणाऱ्या बारीक कोळीवर्गीय किड्याची पिल्लं चावून तो होतो. चावल्या जागी बहुधा काळी खपली धरते, काखेत नाहीतर कमरेजवळ, आणि ती कुणी पाहत नाही. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिननं बरा होतो. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना ढिगाचं, गवताचं, उंदरांचं सांगायचं, खपली शोधायला सांगायचं.

दुपारच्या उन्हात, पायांत बूट घालून, लांब काठीनं वरून एकेक पेंढी ओढत ढीग काढला आणि घरापासून लांब, दगडांवर उंच रचला. साप निघाला नाही. घुशीचं चौथं बीळ निघालं.

विषाची पाळी इथे आली, घराबाहेर, आणि फक्त चालू बिळांत. गेल्या वर्षीची काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. ती दोन रात्रींत का थकली ते भाऊंना विचारायचं होतं. ज्यानं थोडं खाल्लं आणि पोट दुखून वाचला, तो त्या चवीला पुन्हा शिवत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा देऊन विश्वास बसवावा लागतो, आणि मग एकदाच विष. त्यालाही उतारा नाही, आणि कोंबड्या अंगणात. आम्ही ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्क्यांच्या वड्या घेतल्या. त्यांनी रक्त गोठणं थांबतं, उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, त्यामुळे मरणाचा संबंध खाण्याशी त्याला जोडता येत नाही. शिवाय चुकून कुणाच्या पोटात गेली तर डॉक्टरांकडे व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे. काठीनं वड्या बिळात हातभर आत ढकलल्या, तोंडं हलकी बुजवली, आठवड्यानं पुन्हा तपासलं. एक बीळ उघडलेलं, त्यात पुन्हा. त्यानंतर सगळी बिळं फुटक्या काचा, गिट्टी आणि सिमेंट घालून बंद.

छप्पर

इथे मला अर्धंच यश आलं. कवेलूचं छप्पर बंद करता येत नाही, शंभर वाटा. शेवग्याची एक फांदी थेट कवेलूवर टेकली होती, ती तोडली. खांबांना कमरेच्या उंचीवर टिनाचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला, म्हणजे वरचा खाली उतरणार नाही. तुळईवर मोठे चाप तारेनं बांधले, पण पहिले चार दिवस न ताणता, नुसतं सुकट लावून. छपरावरचा उंदीर लहान उंदरासारखा चौकस नाही, नवी वस्तू दिसली की दोन-चार दिवस तिच्या वाटेला जात नाही. पाचव्या रात्री सगळे चाप एकदम ताणले. बरे सापडले. सगळे नाहीत. वर विषाच्या वड्या ठेवा असं भाऊ म्हणत होते. मी नको म्हटलं. कवेलूखाली मेलेला उंदीर पंधरा दिवस घर सोडायला लावतो, आणि मागच्या चिंचेवर पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड आहे. विष खाल्लेला उंदीर त्यानं उचलला तर तेही जातं. उंदीर हेच त्याचं मुख्य खाणं. आजी मात्र त्याला दगड मारून हाकलायच्या, अपशकुनी म्हणून. "रात्रीचं उंदीर खाते ते, आजी, तुमचा गहू वाचवते," असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "खाऊ दे, पर घरावर नोको बसू म्हणा त्याले." निरोप पोचवायचं मी कबूल केलं.

नंतर

होळीपर्यंत रांधणी आणि माजघर स्वच्छ होतं, कोठ्यात नवं बीळ नव्हतं, आढ्यावर अधूनमधून खुडबुड. मृगाच्या पावसानं शेतातली बिळं भरली तेव्हा कोठ्याकडेला दोन नवी उघडली. ती त्याच आठवड्यात वड्या घालून बुजवली. शेजारच्या घरात अजून कापूस भिंतीला टेकून आहे आणि दोन घरांची भिंत एकच. वहिनींनी शेजारणीला तारेची घासणी दाखवली, तिच्या नवऱ्याला अजून वेळ मिळालेला नाही.

यंदाचा कापूस भाऊंनी विटांवर फळ्या टाकून खोलीच्या मधोमध रचलाय, चारी बाजूंनी माणूस फिरेल एवढी वाट ठेवून. त्या वाटेत दर रविवारी मुलगी राख पसरते. दिवाळीनंतर एकदा पावलं दिसली. नळाच्या पाइपासाठी भिंतीला नवं भोक पाडलं होतं आणि गवंडी ते उघडंच ठेवून गेला होता.

कवेलू काढून टिन टाकायचं घाटत आहे. तूर विकली की बघू, असं भाऊ म्हणतात.